बावीस वर्षं ताईचं दुखणं आम्हाला नाटक वाटलं

माझ्या सख्ख्या बहिणीला आम्ही बावीस वर्षं नाटकी म्हणत होतो.

त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

आज ताईला जाऊन एक वर्ष झालं. तिच्या हयातीत हे चारचौघांत लिहायची माझी हिंमत झाली नाही. आज लिहिते.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. अकोल्याची पोरगी, वरूडला संत्र्याच्या बागेवाल्या घरात दिली. पोरगी झाली, अन् वर्षाच्या आत तिचं दुखणं सुरू झालं.

ओटीपोटात आग. दर वीस मिनिटांनी बाथरूम. रात्रीतून आठ-नऊ वेळा उठणं.

यूरिनचा रिपोर्ट मात्र दरवेळी नॉर्मल.

डॉक्टर म्हणायचे इन्फेक्शन, अँटिबायोटिक द्यायचे. कोर्स संपला की पुन्हा तेच. एकाने सरळ तिच्या नवऱ्याला सांगितलं, "यांना टेन्शन आहे, फिरायला न्या."

फिरायला. वरूडहून अमरावतीची बसही तिला झेपत नव्हती. आदल्या संध्याकाळपासून ती पाणी बंद करायची.

संत्रं खाल्लं की त्रास दुप्पट व्हायचा, हे तिनं स्वतःच ओळखलं होतं. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "संत्र्याच्या घरात आली, अन् संत्र्याले हात नाई लावत. नखरे पाहा."

ताई हसून आत जायची. आम्हाला वाटायचं, विषय टाळते.

माझ्या लग्नात ताई करवली होती. माझ्या मागे उभी.

मंगलाष्टकं सुरू झाली. दुसरं संपता संपता मी वळून पाहिलं, तर मागे कोणीच नाही. शेवटी काकूनं धावत येऊन तिची जागा घेतली.

हार घालतानाच्या एकाही फोटोत ताई नाही.

पाठवणीच्या आधी ती माझ्याजवळ आली. मी तिला म्हटलं, "तुले माह्यं चांगलं पाहवलं नाई."

तिनं माझ्या साडीची पिन नीट केली, अन् गेली.

दोन वर्षं मी तिला फोन केला नाही.

मग मी अडतीसची झाले, अन् मला सुरू झालं.

तीच आग. तेच वीस मिनिटांचं घड्याळ. माझ्या बँकेतल्या कॅश काउंटरवर रांग लागलेली, अन् मी "एक मिनिट" म्हणून उठायची. लोक काय बोलायचे ते मला ऐकू यायचं.

सात महिन्यांनी अमरावतीच्या एका युरोलॉजिस्टनं दुर्बिणीतून तपासणी केली. म्हणाले, "मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला कायमची सूज आहे. जंतू नाहीत, म्हणून रिपोर्टमध्ये काही येत नाही. इंटरस्टिशियल सिस्टायटिस म्हणतात याला."

मग सहज विचारलं, "घरात आई, बहीण, कोणाला असा त्रास?"

मी म्हटलं, "नाही."

अन् म्हणता म्हणताच मला आई आठवली.

तिला बारा महिने उन्हाळी लागायची, लघवीला जळजळ. धण्याचं पाणी पीत पीतच ती गेली.

अन् ताई.

त्यांच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी वरूडला फोन लावला.

"ताई, तुले अजूनबी जळजळ होते काय?"

"कावून विचारून राहिली?"

"मलेबी तेच झालं."

ती म्हणाली, "लय दुखते काय वं तुले? थंड्या पाण्याची पिशवी ठेवून पाह्य. मले त्यानंच बरं वाटते."

बावीस वर्षांत आम्ही कोणीच तिला हा प्रश्न विचारला नव्हता. लय दुखते काय.

पुढच्या आठवड्यात तिला घेऊन गेले. तपासणी झाली. तोच आजार, माझ्याहून कितीतरी पुढे गेलेला.

डॉक्टर म्हणाले, काही घरांत हा आजार एकीहून जास्त जणींना दिसतो. रक्ताच्या नात्यात शक्यता वाढते. पण अमुकच जीन असं बोट ठेवता येत नाही, अन् नुसत्या जीनमुळेच होतो असंही नाही.

ताईनं एवढंच विचारलं, "मंग माह्या पोरीले होईन काय?"

"होईलच असं नाही. पण त्रास झाला तर लपवू नका, लवकर आणा."

स्वतःच्या आजाराचं नाव ऐकून न रडलेली ताई तेव्हा रडली. म्हणाली, "पोरीले काय दिलं मी."

तीन वर्षं आम्ही दोघी एकाच दिवशी ट्रीटमेंटला जात होतो. मी अकोल्याहून, ती वरूडहून. डॉक्टर नळीनं मूत्राशयात औषध सोडायचे, मग थोडा वेळ आम्ही ते धरून ठेवायचं. शेजारशेजारच्या कॉटवर पडून आम्ही गप्पा मारायचो. इतक्या गप्पा लहानपणीही मारल्या नव्हत्या.

एकदा मी लग्नातल्या त्या बोलण्याचा विषय काढला. माफी मागायला लागले.

"मले त्या दिवशी उभंच राहवत नव्हतं वं," ती म्हणाली. "सांगतलं असतं, पण मंडपात असं कसं सांगू?"

बस्, एवढंच.

तिला हळूहळू बरं वाटायला लागलं होतं. सलग चार तास झोपली, म्हणून एकदा सकाळीच फोन केला होता तिनं.

अन् गेल्या वर्षी, दुपारी जेवून उठली, छातीत कळ आली, आणि दवाखान्यात पोचायच्या आधी गेली. एकोणपन्नासाव्या वर्षी. या आजाराचा त्याच्याशी संबंध नव्हता, डॉक्टर म्हणाले.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. सत्तावीस वर्षांची आहे, नागपूरला नोकरी करते.

"मावशी, पंधरा दिवसांपासून मले सारखं जावं लागते. अन् जळते. ऑफिसात सरांना सांगतलं मी. तू डॉक्टरची अपॉइंटमेंट घेशील काय?"

फोन ठेवल्यावर मी खूप रडले. ताईला भीती होती तेच, म्हणून.

अन् पोरीनं पंधरा दिवसांत सांगितलं, म्हणूनही.

सोमवारी आहे अपॉइंटमेंट. कदाचित साधं इन्फेक्शन निघेल. नाही निघालं, तरी तिला खोटं म्हणणारं आता या घरात कोणी नाही.

ताई, मी जाते आहे तिच्यासोबत. तू काळजी करू नको.

तुझ्या आठवणीला तुझ्या धाकटीचा नमस्कार.