रेखाचा गुडघा

काल मैदानावर मुली कबड्डी खेळताना दिसल्या आणि अकरावीतली माझी मैत्रीण रेखा आठवली. तेव्हा एकदा सरावात आमची कॅप्टन सुनीता हिने मुद्दाम तिच्या गुडघ्यावर लाथ घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी सरांना म्हणाले, "ती घसरली."

लाथेपेक्षा माझं ते वाक्यच रेखाला जास्त लागलं असेल, असं दोन दिवस वाटत राहिलं. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर खरं सांगितलं. सुनीताने माझ्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला. रक्त गिळत मी तेच पुन्हा, आणखी मोठ्याने सांगितलं.

दवाखान्यात रेखा म्हणाली, "उशीर केलास." मग प्लास्टरमधला पाय कण्हत सरकवून तिने मला बसायला जागा केली.