खडूची दाढ

दाढवाली मॅडम तुटलेला खडू कधीच फेकायची नाही. आम्ही टेस्ट सोडवायला बसलो की कंपासमधलं कर्कटक काढायची आणि त्या तुकड्यातून दाढ कोरायची. करंगळीच्या नखाएवढी, पण हातात घेतली की जीभ आपोआप स्वतःच्या दाढेकडे जाणार. "खालची पहिली दाढ हाये. पाच टेकड्या असतात, मोजून घे, नाही तं पेपरात चार लिवशीन." मी विचारलं, तुमाले दाढच काहून आवडते मॅडम? "दुखल्याशिवाय कोणी तिच्याकडे पाहात नाई म्हणून."

तिला डेंटिस्ट व्हायचं होतं. बारावीनंतर नंबर लागला नाही, घरच्यांनी बीएस्सीला टाकलं, मग एमएस्सी झूलॉजी. डोक्यातून दाढ काही गेली नाही. सोमवार ते बुधवार अमरावतीला एमएस्सी, गुरुवार ते रविवार अकोल्याला आमच्या नीटच्या क्लासमध्ये बायोलॉजी. मॅडम, तुमचं घर कुठं, असं कोणी विचारलं की म्हणायची, "बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर, पंख्याखालचा बाक. या कधी चहाले." गाडी बदलायला थांबली की त्याच बाकावर ती स्वतःचं जर्नल पूर्ण करायची आणि त्याच बाकावर आमचे पेपर तपासायची. एकदा माझ्या पेपराला मागे तिच्याच जर्नलचं पान पिन होऊन आलं, गांडुळाच्या मज्जासंस्थेची आकृती. मी परत द्यायला गेले तर म्हणे, "थांब, तुले आकृतीचे मार्क तर नाई देले मी?"

आम्ही हसलो तेव्हा. आता त्या हसण्याचाही राग येतो. ती कशी धावते हे सगळ्यांना दिसत होतं, सगळ्यात जास्त क्लासच्या सरांना. तरी दर महिन्याला यायचे. "मॅडम, एक बॅच वाढवू का? पोट्टे तुमचंच नाव घेऊन राहिले." आणि ही म्हणायची, "होते नं सर." रविवारी जास्तीची टेस्ट? होते नं. केमिस्ट्रीवाले सर आले नाहीत, त्यांचा तास घ्या? होते नं. तिचे हे दोन शब्द ऐकले की माझं डोकं फिरायचं. एकदा मी चिडून म्हटलं, मॅडम, तुमी नाई म्हणाले शिका. तिने खडूचा भुगा फुंकला. "नाई म्हटलं तं ठेवतीन का मले?"

नीटच्या परीक्षेला माझं आणि मॅडमचं सेंटर एकच आलं. गेटवर ती पारदर्शक बाटली घेऊन आमच्याच रांगेत. "मॅडम, तुमी बी?" "व्हय. माह्या पेपरात पाहू नको." निकाल लागला आणि तिला सरकारी डेंटलला सहज लागेल एवढा स्कोअर आला. दोन्हीकडची कामं करून. तिने अख्ख्या बॅचला संत्रा बर्फी वाटली. माझाही स्कोअर डेंटलपुरता होता, म्हणून मला बर्फीबरोबर एक दाढ मिळाली.

मग ॲडमिशनच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. पाचला वेबसाइट बंद. आदल्या दिवसापर्यंत तिचे अमरावतीला एमएस्सीचे पेपर होते, म्हणून तिचा स्वतःचा फॉर्म राहिला होता. सकाळी कागदांची फाइल घेऊन ती क्लासमध्ये आली आणि सरांनी तिला ऑफिसातल्या लॅपटॉपवर बसवलं, आमचे फॉर्म भरायला. पोरं रांगेत, कोणाचं डोमिसाइल धूसर, कोणाच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. दुपारी मी म्हटलं, मॅडम, आधी तुमचा भरा. "माहा एकच तं हाये. होते नं शेवटी."

चार वाजता माझा नंबर. स्क्रीनवर माझा फोटो आला आणि मला तो आवडला नाही. बावळट दिसत होते. मी म्हटलं, मॅडम, दुसरा काढून आणू? खालीच स्टुडिओ आहे. ती माझ्याकडे बघून हसली. "जा, लवकर ये." स्टुडिओत गर्दी होती. मी परत आले तेव्हा पाचला वीस कमी. फोटोची साइज मोठी झाली, तिने ती कमी केली, दोनदा. माझा फॉर्म गेला. मग तिने स्वतःची फाइल उघडली. दहावीची मार्कशीट चढली, बारावीची चढता चढता पाच वाजले आणि पान बंद झालं.

तो स्कोअर त्याच वर्षापुरता. खोलीत सगळ्यांना कळलं. सर दारातून डोकावले. "मॅडम, उद्यापासून नवी बॅच, लक्षात हाये नं?" तिने लॅपटॉप बंद केला आणि चार्जरची वायर गुंडाळत बसली. त्या दिवशी ती 'होते नं' म्हणाली नाही. मी रडायला लागले तर मलाच म्हणे, "गप बस. फोटो मस्त आला तुहा."

पुढे क्लासबाहेर निवड झालेल्यांचं फ्लेक्स लागलं. त्यावर मी, तोच फोटो. मॅडमचा फोटोही होता, खाली कोपऱ्यात, 'आमचे अनुभवी शिक्षक' मध्ये. मला ते फ्लेक्स फाडायचं होतं. फाडलं नाही.

गेल्या आठवड्यात तिला फोन केला. यंदा नीट देऊन राहिल्या नं मॅडम? "एवढा प्रोजेक्ट जमा करू दे, बॅच बी वाढली हाये. होते नं." परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संपून चार दिवस झाले होते. तिला माहीत होतं, मलाही. मी फोन ठेवला आणि हॉस्टेलची उशी भिंतीवर आपटली. सरांवर, तिच्यावर, माझ्यावर, कोणावर ते मलाच नीट सांगता येणार नाही.

आता मी डेंटलच्या पहिल्या वर्षाला आहे. इथं मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावे लागतात. काल शिकवणाऱ्या मॅडमनी माझी दाढ तिसऱ्यांदा परत केली. मी पेन्सिलच्या डबीतून खडूची दाढ काढून शेजारी ठेवली, बघून बघून करू म्हणून. त्यांनी ती उचलली, खिडकीकडे धरली, टेकड्या मोजल्या.

"ही कुणी केली? कितव्या वर्षाला आहे?"

"ती इथं नाही मॅडम," मी म्हटलं. "मला फोटो बदलायचा होता."

त्यांना काहीच कळलं नाही. त्यांनी दाढ माझ्या हातावर ठेवली आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. मी चौथा ठोकळा घेतला.