मामंजींची कचेरी

आमच्या मामंजींनी उभ्या आयुष्यात कुणालाही त्याची बाजू ऐकल्याशिवाय दोषी धरलं नाही, आणि यात मांजर, म्हैस आणि मी असे सगळे आलो. निजामाच्या तालुका कचेरीत मुन्सफापुढं उर्दू कागद वाचून दाखवायची पेशकारी त्यांनी वर्षानुवर्षं केली, आणि माकणीला परतले ते कचेरी अंगात घेऊनच. लग्नानंतर आठव्या दिवशी माझ्या हातून दूध उतू गेलं. सासूबाई काही बोलायच्या आत मामंजींनी माझी जबानी घेतली, मग सासूबाईंची उलटतपासणी केली, आणि चुलीत जास्तीचं लाकूड सारल्याबद्दल त्यांनाच दोषी ठरवलं. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. म्हशीनं लाथ मारली तर आधी तिची कास दुखते का ते बघायचं. मांजरानं लोणी खाल्लं तर शिंकं कुणी बांधलं याची चौकशी. एकदा गड्याला विनाकारण शिवी दिली म्हणून त्यांनी स्वतःलाच एक दिवस तंबाखू बंद केली, आणि तो दिवस आम्ही सगळ्यांनी भोगला.

निजामी जायच्या आदल्या वर्षी, रझाकारांच्या धामधुमीत, आमची कडब्याची गंज कुणीतरी पेटवली. शेजारी बांधलेला, मामंजींनी वासरापासून वाढवलेला बैल होरपळून गेला. चार दिवस ते जेवले नाहीत. पुढं राज्य बदललं, आणि एका सकाळी गावच्या माणसांनी दस्तगीर पिंजाऱ्याला बांधून आमच्या दारात आणलं. कुणीतरी मामंजींच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा दिला. त्यांनी तो घट्ट धरला, हे मी दारातून पाहिलं.

"दस्तगीर, तुझं म्हणणं काय हाय?"

"म्याच पेटवली. हातात टेंभा देऊन रझाकार मागं उभे होते. न्हाय म्हणायची छाती झाली न्हाय."

मामंजींनी दांडा खाली ठेवला. "मुद्दई मी हाय," ते लोकांना म्हणाले. "फिर्याद माझी, अन् निकालबी माझाच? त्याला निकाल म्हणत न्हाईत."

मग स्वतः दोरी सोडून ते त्याला तालुक्याला घेऊन गेले. जुने मुन्सफ निघून गेलेले, नवे आलेले नाहीत, कचेरीला कुलूप. दोघं पायरीवर बसले, मी बांधून दिलेली भाकरी अर्धी अर्धी खाऊन परतले. असे तीन दिवस गेले; रोज लोक त्याला शोधत दारात यायचे आणि परत जायचे. चौथ्या दिवशी दस्तगीरला शोधत कुणी आलं नाही.

नवे मुन्सफ आल्यावर फिर्यादीचं मी विचारलं. मामंजी म्हणाले, "लई राग हाय अजून, सूनबाई. उतरला की देईन."

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. फिर्याद दिली नाही. पोळ्याला बैल सजवून झाले की दावणीच्या एका रिकाम्या जागेपाशी ते उभे राहायचे. मी हाक मारायची नाही. ते आपण होऊन आत येईपर्यंत पोळ्या झाकून बसून राहायची.