मामांचा पुरावा

कॉफीचा पेला ओठाला लावण्याआधी मामा तो नाकाशी धरत. ही हॉटेलातली कॉफी नव्हे, घरची. मामींनी त्यांच्या डोळ्यांदेखत गाळलेली. एक लांब श्वास घेऊन ते म्हणत, "आज चिकोरी जास्त आहे." मामी आतून म्हणत, "पूड कालचीच आहे." मग मामा पेल्यात बघत पुटपुटत, "सरी. पण कां?"

'सरी' म्हणजे तमिळमध्ये 'बरं'. मामांच्या तोंडी मात्र ते बरं कधीच बरं नसे. वरच्या मजल्यावरची मुलगी पास झाली म्हणून मैसूरपाक घेऊन आली, तर तिच्यासमोर डबा हातात घेऊन ते म्हणाले, "सरी. पण कां?" गल्लीतला खड्डा कोणी तक्रार न करता बुजवला गेला, तेव्हा तर मामा आठवडाभर त्या जागेभोवती फिरत होते. न मागता मिळालेली गोष्ट त्यांना फार खुपे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. दुधाची पिशवी उजेडात धरून छिद्र शोधणारा, वाण्याच्या काट्याखाली वाकून बघणारा. मामा त्या सगळ्यांचे गुरू शोभले असते.

मी मैलापूरला त्यांच्या घरात भाडेकरू म्हणून गेलो, तेव्हा माझी रीतसर उलटतपासणी झाली. "महाराष्ट्र सोडून इतक्या दूर आलांत?" मी म्हटलं, नोकरीसाठी. "तिकडे नोकऱ्या नाहींत?" आहेत की. "सरी. पण कां?" या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत सापडलेलं नाही.

मामा तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. पिढ्यान्पिढ्या तिकडेच. त्यांची मराठी ऐकताना मला फोनवर पणजोबांशी बोलल्यासारखं वाटे. फक्त पणजोबा मध्येच तमिळ बोलू लागत. विमा कंपनीतून निवृत्त झालेले. लोकांचे दावे तपासण्यात उमर गेली, त्यामुळे जगात कोणी आपण होऊन खरं बोलेल हे त्यांना पटतच नसे. मोबाइलवरून टॅक्सी बोलवायलाही त्यांची ना. "त्यास माझे घर कसें ठाऊक?"

या माणसाचा जगात एकाच माणसावर विश्वास होता. तो म्हणजे तिरुवल्लिकेणीतले मेकॅनिक, भाई. मामांची फिकट निळी, म्हातारी गाडी बिघडली की मामा किल्ली भाईंच्या हातात देत आणि मागे न बघता बस पकडत. काय केलंत, कसं केलंत, काही विचारत नसत. मी हे प्रथम पाहिलं तेव्हा मला वाटलं, मामांना बरं नसावं. मामी मला हळूच म्हणाल्या, "माझी कॉफी हुंगतात. त्या भाईचा चहा मुकाट्याने पितात." त्यात तक्रार होती, आणि समाधानही होतं. निदान एक जागा आहे, जिथे हा माणूस टेकतो.

मग गाडीचा तिसरा गिअर आपोआप निसटायला लागला. भाईंनी सांगितलं, गिअरबॉक्स संपला, नवा बसवू, सोबत क्लच प्लेटही बदलू. मामांनी हो म्हटलं. पण गाडी आणायला गेले तेव्हा आजवर कधी केली नाही अशी एक गोष्ट त्यांनी केली. जुने पार्ट परत मागितले.

आपल्याकडे ही रीतच आहे. बदललेला पार्ट मेकॅनिककडून मागून घ्यायचा, म्हणजे खरोखर बदलला याची खात्री. पण मामांनी भाईंकडे तो कधी मागितला नव्हता. भाई हसले, म्हणे, आणि गिअरबॉक्सचं धूड डिकीत घालून दिलं. ते धूड आमच्या जिन्याखाली गोणपाट पांघरून बसलं. क्लच प्लेटही मिळाली होती, पण तिला मामींनी घरात थारा दिला नाही. ती कुठे गेली हे मी विचारलं नाही.

त्याच दिवसापासून गिअर कडक लागू लागले. पहिला टाकायला मामांना खांदा लावावा लागे. रिव्हर्स टाकताना असा करकराट होई की शेजारच्या गॅलरीत माणसं येत. "तुम्ही गाड्यांच्या कंपनींत आहांत. तुम्ही पाहा," मामा मला म्हणाले. आता माझं कंपनीतलं काम म्हणजे सीटा आणि पायाखालचं कार्पेट. इंजिन कोणत्या बाजूला असतं, इतपत मला ठाऊक आहे. तरी मी शेजारी बसलो, मान हलवली आणि म्हणालो, "कडक आहे खरं."

भाईंनी फोनवर सांगितलं, नवा आहे, थोडा चालू द्या, मोकळा होईल. झालं! 'थोडं थांबा' हे वाक्य मामांनी आयुष्यभर लबाडांच्या तोंडून ऐकलेलं. त्यांनी फोन ठेवला. मग म्हणाले, "नवा म्हणतो. पण नवा कशावरून?"

ते गाडी भाईंकडे घेऊन गेले. भाईंनी गल्लीतून एक फेरी मारली. गिअर लोण्यासारखे पडले. मामा घरी आले, दुसऱ्या दिवशी गाडी काढली, तर पुन्हा खांदा आणि पुन्हा करकराट. परत गेले. परत लोणी. मामांचे डोळे बारीक झाले. "त्याच्यासमोर मऊ, माझ्यासमोर कडक. हा कांहीं तरी करतो."

संशय हा साथीच्या तापासारखा असतो. मामांच्या शेजारी बसून बसून मलाही वाटू लागलं, भाईंचं काहीतरी आहे. एवढंच नव्हे, भाजीवाली मला कोथिंबीर फुकट देते त्याचाही मी विचार करू लागलो.

तिसऱ्या वेळी मी बरोबर होतो. गॅरेजात इतर गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत मामा तमिळमध्ये मोठ्याने म्हणाले, की दुसऱ्या कुणाचा तरी जुना गिअरबॉक्स रंगवून तू मला नवा म्हणून बसवलास. गॅरेजातली ठोकठोक थांबली. भाईंच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. तो आला नाही. त्यांनी गाडीची किल्ली फडक्याने पुसली, मामांच्या तळहातावर ठेवली आणि माझ्याकडे वळून आपल्या दक्खनीत म्हणाले, "साब को बोलो, मेरे कने नक्को लाओ अब." गाडी आता माझ्याकडे आणू नका.

त्यानंतर मामा पार खचले. संध्याकाळी मामींना सभेत, म्हणजे तिकडच्या संगीतमंडळात, गाणं ऐकायला घेऊन जायचे, ते बंद झालं. झोप उडाली. दिवसभर खिडकीत बसून गाडीवर नजर. मामी मला म्हणाल्या, "गाडी गेली तर गेली हो. पण हा एक माणूस होता ना त्यांचा. तोही गेला तर हे कोठे टेकायचे?" त्यांचे डोळे भरून आले होते.

एका रविवारी मामांनी ठरवलं. दूरच्या एका गॅरेजात गाडी न्यायची, गिअरबॉक्स उघडायचा आणि भाईंची लबाडी जगापुढे मांडायची. खांदा दुखत होता, म्हणून गाडी मी चालवायची. मला धास्ती वाटत होती. गिअरबॉक्स जुना निघाला असता तर भाईंचं नाव बुडालं असतं, नवा निघाला असता तर मामांचं. दोन्हीकडून तो एक माणूस जाणारच होता.

मी बसलो, क्लच दाबला. पाय मध्येच थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा तिथेच. इंजिनातलं मला कळत नाही, पण पायाखालचं कार्पेट किती जाड असावं यावर माझं पोट चालतं. मी खाली वाकलो. काथ्याची जाड मॅट होती, तिच्याखाली रबराची, आणि तिच्याखाली एक पिवळी कापडी पिशवी. पिशवीत जुनी क्लच प्लेट. पेडल तिच्या मधल्या उंचवट्यावर आपटत होतं. क्लच पुरता दाबलाच जात नव्हता, मग गिअर कसले पडतात!

"हे इथे कोणी ठेवलं, मामा?"

"मी. पुरावा आहे. डिकी कोणीही उघडतो."

"आणि गॅरेजात जाताना?"

"दाराशी पोहोंचलों कीं सीटखाली सरकवीत होतों. त्याने पाहिले असते तर?"

मला हसू आवरेना. मी प्लेट बाजूला काढली, क्लच दाबला, पहिला, दुसरा, रिव्हर्स टाकून दाखवला. बोटाने पडत होते. मामा हसले नाहीत. प्लेट पुन्हा पिशवीत घालून त्यांनी ती मांडीवर घेतली. मग म्हणाले, "चला. तिरुवल्लिकेणीस."

भाई एका गाडीखाली होते. बाहेर आले. मामांनी पिशवीतून प्लेट काढून त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, ही क्लचखाली होती, मीच ठेवली होती. भाईंनी एकदा प्लेटकडे पाहिलं, एकदा मामांकडे. "एन, सार?" त्यांनी विचारलं. का, साहेब?

जन्मभर हा प्रश्न दुसऱ्यांना विचारणाऱ्या माणसाला तो बहुधा पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. मामा इतक्या हळू बोलले, की मला पुढे सरकून ऐकावं लागलं. "इतकी वर्षं तुझ्यावर नजर ठेवली नाही. एके दिवशी तेवढ्यानेच भीती वाटली."

भाईंनी हात पुसले आणि गाडीचं दार उघडून स्वतः चालवायला बसले. मामांना शेजारची जागा दाखवली. मी मागे बसलो.

आता मामा नाहीत. मामी मुलीकडे बंगळुरूला असतात, खालच्या मजल्यावर दुसरे लोक आले आहेत. मामा म्हटलं की लोक त्यांच्या संशयाचे किस्से सांगतात, मीही सांगतो. पण मला स्वतःला आठवतो तो त्या दुपारचा बीच रोड.

थोडा वेळ मामा भाईंच्या हाताकडे बघत होते. मग त्यांची मान एका बाजूला कलली आणि तोंड किंचित उघडं पडलं. मामा झोपले होते. दिवसाढवळ्या, दुसऱ्याच्या हाती गाडी देऊन. दीपगृहापाशी मैलापूरला वळायचं होतं, ते वळण भाईंनी सोडलं. मी काही बोलणार, तोच त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहत ओठांवर बोट ठेवलं. गाडी सरळ अडयारकडे निघाली. वाटेत सिग्नल लागले, बस आडव्या आल्या, गाडी थांबत होती, पुन्हा निघत होती. पण भाईंनी गिअर कधी बदलला, ते मागे बसून मलाही कळलं नाही.