गाठींची सुतळी घेऊन मुंबईत

माझे वडील, आबा, जात्याला टाकी लावत. जात्याचे दात झिजले की पीठ भरड पडतं, मग छिन्नी-हातोडीनं दात पुन्हा कोरावे लागतात. त्याला आमच्याकडे टाकी लावणं म्हणतात. वडूजच्या पुढं बोरखडी हे आमचं गाव. गावात घरटी एक जातं, पण आबांना त्यातलं एकही मिळत नसे. ते उजाडायच्या आत परगावाला निघत. ज्या दिवशी काम मिळत नसे, त्या दिवशी आई हुलग्याचं माडगं करी, आणि तेही इतकं पातळ की वाटीचं बूड दिसे.

याला कारण एक दगड. वेशीजवळ आमच्या गावाचा वीरगळ होता (लढाईत पडलेल्या माणसाचा कोरीव दगड). बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, सगळे बैल त्याला फेरी घालत आणि बाया त्याला तेल लावत. आबा विशीत असताना एक गोरा साहेब आला, त्यानं सरकारी कागद दाखवला आणि दगड काढायला आबांना लावलं. काढताना तो बुडाशी तडकला. वरचा भाग साहेब गाडीत घालून घेऊन गेला, खुंट जमिनीतच राहिला. "मुंबईला नीट ठेवतो," असं साहेब म्हणाला होता. गावाला ते पटलं नाही. साहेबानं दगड कुठल्या तरी मोरीच्या कामात चिणला आणि तो घालवला टाकीवाल्यानं, असंच गाव धरून बसलं. तेव्हापासून गावातल्या जात्यांना आबांचा हात बंद.

महायुद्ध संपल्यावर मी सांगलीच्या कॉलेजातून बी.ए. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. हे सांगायला मला संकोच नाही. पदवी घ्यायला मुंबईला निघालो, तेव्हा आबांनी खुंटाच्या तुटलेल्या तोंडावर सुतळी धरली आणि गाठी मारल्या. रुंदीच्या दोन, जाडीची एक, आणि जिथं त्यांची छिन्नी घुसली होती तिथं एक.

"सापडला तर ही लावून बघ," ते म्हणाले. "न्हाई सापडला तर मला काय सांगू नगंस."

आईनं करडईच्या तेलाची छोटी बाटली दिली. "सापडला तर एक बोट लाव रं बाबा, आमच्या नावानं," असं ती म्हणाली.

पदवीदान झालं. दुसरा अख्खा दिवस मोकळा होता. बरोबर कॉलेजातले दोन सोबती: पलूसचा बापू, उसाच्या रानातला, थोरला भाऊ पलटणीत, आणि वाईचा सदाशिव, सोवळ्याच्या घरातला.

सकाळी ट्रामनं राणीचा बाग गाठला. पाणघोडा बघून बापू कठड्याला टेकून उभाच राहिला. "आमच्या रेड्याचा थोरला भाव हाय रं ह्यो! पर ह्याला मोटंला कोण जुपणार?" तिथून बंदरावर गेलो. एवढं पाणी आम्ही तिघांनीही जन्मात पाहिलं नव्हतं. बापूनं ओंजळ भरून तोंडात घेतलं आणि थुंकला. "एका वाफ्याला सुदीक चालायचं न्हाई." इराण्याच्या हॉटेलात सदाशिवनं पाव-मस्का खाल्ला आणि मिशी पुसत म्हणाला, "हे वाईत कळलं, तर तुमची-माझी ओळख नाही."

मग संग्रहालयं. नावं लिहीत नाही. पहिल्यात हस्तिदंत, तलवारी, पेंढा भरलेले पक्षी होते, दगड नव्हता. दुसऱ्यात शिरताना बापूनं पायरीवर वहाणा काढल्या. पहारेकरी हसला, "पाव्हणं, हे देऊळ नव्हे." बापू अनवाणीच आत आला. दालनामागून दालन गेलं. दुपार उतरली.

"सोड आता गड्या," बापू म्हणाला, "बोटीत बसाया जाऊ."

"तुमी जावा," मी म्हटलं. "मी सगळी दालनं बघितल्याबिगर हलणार न्हाई."

ते गेले नाहीत. मागच्या ओवरीत, जिन्याखाली, तो उभा होता. आबा सांगत तसाच: घोड्यावरचा वीर, वर चंद्र-सूर्य, आणि बूड तुटलेलं. खाली इंग्रजी कार्ड होतं. सदाशिवनं ते मराठी करून मोठ्यानं वाचलं: "सातारा जिल्हा. गाव अज्ञात."

अज्ञात! आईची आठवण झाली, आणि कुठं आहोत याचं भान न राहता मी बाटली उघडून वीराच्या पायाला बोटभर तेल लावलं.

पहारेकऱ्यानं मनगट धरलं. "अहो, तेल कसलं लावताय?" तो मला ओढतच संग्रहालयाच्या साहेबांच्या खोलीत घेऊन गेला. साहेब मराठीच होते, चष्मेवाले, तापट.

"शिकलेले दिसता. दगडाला डाग पडतो, एवढं कळत नाही?"

"चुकलं," मी म्हटलं. "पण साहेब, तो दगड बोरखडीचा आहे."

"कशावरून? प्रत्येक गाव हेच म्हणतं."

मी खिशातून सुतळी काढली. खुंटाची, आबांची, सगळी हकिकत सांगितली, आणि शेवटी म्हणालो, "लावून बघा. नाही जमली, तर पोलिसात द्या."

साहेब उठले. ओवरीत गुडघ्यावर बसून त्यांनी स्वतः सुतळी धरली. रुंदी जमली. जाडी जमली. चौथी गाठ जिथं आली, तिथं बोटाएवढी खाच होती. साहेबांनी तिच्यात नख घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"ही टाकी तुमच्या वडिलांची?"

"होय."

"खुंट अजून आहे?"

"जागच्या जागी आहे. चला, दाखवतो."

खोलीत परत येऊन त्यांनी कागद पुढं सारला. मी सगळं लिहून दिलं आणि खाली सही केली, नावापुढं बी.ए. ती अक्षरं मी पहिल्यांदा तिथं लिहिली. बाहेर आल्यावर बापू म्हणाला, "लेका, समद्या मुंबईत त्याल लावून सायबाला भेटणारा तूच पयला!"

गावी परतल्यावर मी आबांना सुतळी परत दिली. "जमली," म्हटलं. ते गाठींवरून अंगठा फिरवत बसले. गावाला माझ्या तोंडी सांगण्याचं काही वाटलं नाही. पण बेंदराच्या आधी दगड बोरखडीचाच असल्याचं संग्रहालयाचं पत्र आलं, सोबत दगडाचा फोटो. चावडीत मी ते तीनदा वाचलं. म्हाताऱ्या पाटलीणबाईंनी फोटो डोळ्यांजवळ धरला, वीराच्या पायाशी बोट टेकलं, आणि आबांकडे न बघताच म्हणाल्या, "आमचं जातं लय दिस भरड दळतंय. उद्या या आवं."

मुंबईत मी पुष्कळ पाहिलं. पण प्रवासानं काय मिळालं असं कुणी विचारलं, तर मी दोनच गोष्टी सांगतो. त्या कार्डावर आता बोरखडी लिहिलेलं आहे. आणि माझे वडील आपल्या गावातल्या जात्यांना टाकी लावतात.