इंदूचा उजवा खांदा

मंगळवारी सकाळी भरल्या दवाखान्यात मी एका शिकल्यासवरल्या डॉक्टरीणबाईंना "खांदा मोडलात हो पोरीचा!" म्हणून ओरडले... आणि त्या हसल्या. तेव्हापासून आळीत माझी अब्रू जरा कमी झाली आहे. फार नव्हतीच म्हणा.

इंदू म्हणजे माझ्या भावाची सून. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. नवरा मुंबईला पेढीवर कारकून. शिमग्याला आठ दिवस येतो, गणपतीला आठ दिवस. बाकी वर्षभर इंदू इथं रत्नागिरीत सासूजवळ... आणि दोष अर्थात इंदूचा.

उपाय काय थोडे झाले? पिंपळाला इतक्या प्रदक्षिणा झाल्या की पिंपळालाच घेरी यावी. पळसाची पानं दुधात वाटून झाली, ओव्याची धुरी झाली. एकोणीसशे चौतीस साल उजाडलं, गावात मोटार धावायला लागली, पण कुणाला मूल होत नाही म्हटलं की आळीतली प्रत्येक बाई धन्वंतरी.

मी या सगळ्यांना हसत होते. दुसऱ्याला हसणं हा माझा आवडता उद्योग... आणि मग श्रावणात पालीच्या बाजारात मला एक सुईण भेटली.

तिनं मुळ्या कुटून बांधलेल्या सात पोटल्या दिल्या. रोज एक, शरीराच्या आत ठेवायची. "बाय, पाळना सांगून ठेव सुताराला," म्हणाली. आणि लोकांच्या अंगाऱ्याला नावं ठेवणारी मी, त्या पोटल्या पदरात बांधून मोटारीनं घेऊन आले!

चौथ्या दिवशी इंदूला ताप भरला. ओटीपोटातल्या कळांनी पोर कमरेत वाकली. तेव्हा मी काय म्हटलं असेल? "औषध लागू पडतंय."... हे वाक्य मला अजून जेवताना आठवतं. नवव्या दिवशी ताप उतरला.

गणपतीला नवरा आला आणि गेला. पाठोपाठ वहिनींनी, म्हणजे इंदूच्या सासूनं, मंडणगडकडच्या एका मुलीची पत्रिका देवघरात आणून ठेवली. "इंदूला काय हाकलतोय का आम्ही, वन्सं? राहील की घरात." जुनं जातं असतं ना कोपऱ्यात, तशी.

इंदू रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "आत्याबाई, मला एकदा कुणीतरी खरं काय ते सांगा."

म्हणून मंगळवारी तिला घेऊन गावात नव्या आलेल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वहिनी आल्या... पहाऱ्याला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पोटलीचं ऐकल्यावर विचारलं, "ही आणली कुणी?" मी भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचू लागले.

मग त्यांनी समजावलं. गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन बारीक नळ्या असतात. आतून सूज आली की त्या चिकटतात, आणि वाट बंद झाली की मूल राहत नाही. त्या तापात तसं झालं असेल का, हे आता पाहायचं... खालून रबरी नळीवाटे हळूच वायू सोडून.

मी आणि वहिनी पडद्याबाहेर. आयुष्यात पहिल्यांदा मला टोमणा सुचेना. देवघरातली पत्रिका आणि माझी पोटली, दोन्ही डोळ्यांपुढून हलेनात.

थोड्या वेळानं इंदूला उठवून बसवल्याचा आवाज आला. आणि लगेच, "आई गं... खांदा!"

मी पडदा सारून आत. इंदू उजवा खांदा धरून कळवळतेय. पोटाचं बघायला आणलेल्या पोरीचा खांदा! तिथं मी ओरडले ते वर लिहिलंच आहे.

"दुखतोय ना? छान!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वायू नळीतून पोटात उतरला, उठून बसल्यावर वर चढला, तो वर छातीखालच्या पडद्याला लागला की कळ खांद्यात उठते. नळ्या बंद असत्या तर खांद्याला पत्ताही लागला नसता. निदान एक वाट तरी उघडी आहे.

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही खांद्यालाही पोटली बांधली असती."

मी इंदूचा खांदा चोळू लागले. 

बाई पुढं गंभीरपणे बोलल्या. हिचं नशीब चांगलं. अशा पोटल्यांनी वाट कायमची बंद झालेल्या बायका त्यांनी पाहिल्या आहेत. मूल होईलच असं वचन त्या देत नाहीत, पण सहा वर्षांत नवरा-बायको जेमतेम शहाण्णव दिवस एकत्र... "आधी एका घरात राहू दे. आणि यजमानांनाही तपासून घ्या." वहिनींचा चेहरा असा झाला, जणू कुणी देव्हाऱ्यातला बाळकृष्णच तपासायला मागितला.

घरी येताना वहिनी एवढंच म्हणाल्या, "ही मुंबईला गेली तर मला कोण?"

"मी आहे," म्हटलं. "रोज येईन." पोटलीचं प्रायश्चित्त. वहिनींनाही ही शिक्षाच वाटली असावी, पण संध्याकाळी पत्रिका परत पाठवली.

काल इंदू बोटीनं गेली. बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसताना खांदा चोळत हसली... अजून थोडा दुखतो म्हणे. सहा वर्षांत तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

तिची ट्रंक बंदरावर मीच ओढली, त्यामुळं आज माझा खांदा धरलाय. वहिनी अंगारा घेऊन आल्या. मी मुकाट्यानं लावून घेतला... बाहेरून लावायला हरकत नाही.