रेवाची बोटं

शुभदाला हे माहीत नाही. तिच्याबरोबर संसार करता करता केस पिकले, साखरेचा रिपोर्टसुद्धा कधी लपवला नाही तिच्यापासून — पण हे नाही सांगितलं. कुणालाच नाही. तुम्हाला सांगू शकतोय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. समोर बसला असतात तर याही वेळी मी वाऱ्याचंच नाव घेतलं असतं.

वाऱ्याचं काय ते येईलच.

रेवा, आमची एकुलती एक. शारजात वाढलेली. मी हमरिया फ्री झोनमध्ये, पाइपांना कोटिंग करणाऱ्या कंपनीत परचेस मॅनेजर. सकाळी तिला शाळेत सोडायचो तेव्हा गाडीत गाणी लावायचो — अमेरिकेतली जुनी निषेधाची गाणी. युद्धाविरुद्धची, खाणकामगारांच्या संपातली, काळ्या लोकांच्या मोर्च्यांतली. पुण्यात होस्टेलच्या गच्चीवर हीच गाणी मी गिटारवर घसा फोडून गायलो होतो, आणि जग आता बदलणार याबद्दल मला काडीची शंका नव्हती. मग नोकरी लागली. व्हिसा आला. गाणी गाडीपुरती उरली. रेवाला मात्र ती पाठ झाली, माझ्याच गिटारवर. ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली वाजवायची. मला त्याचा आनंद व्हायचा का? व्हायचा, असंच मी सगळ्यांना सांगत आलोय.

पुढे ती अमेरिकेत शिकायला गेली. तिथे तिच्या शहरात मेयरच्या निवडणुकीला एक तरुण उभा राहिला. घरभाडी आटोक्यात आणीन म्हणाला, पोलिसांना लगाम घालीन म्हणाला. रेवा आणि तिची मित्रमंडळी त्याच्यासाठी बर्फात दारोदार हिंडली. तो जिंकला त्या संध्याकाळी त्यांच्यात उभा राहून तो गायला, आणि गिटारवर रेवा होती. तिने व्हिडिओ पाठवला. ऑफिसात हेडफोन लावून मी तो पाहिला आणि रडलो. ते रडणं खरं होतं — तेवढं तरी खरं होतं.

पुढच्याच हिवाळ्यात त्याच मेयरच्या पोलिसांनी तिला मारलं.

एका इमारतीतल्या भाडेकरूंना बाहेर काढणार होते. ही मुलं जिन्यात बसली, हातात हात अडकवून, गात. पोलीस वरच्या मजल्यावरून खाली आले, दांडके चालवत. रेवाच्या शेजारच्या मुलीचा जबडा फुटला. रेवाला केसांना धरून पायऱ्यांवरून ओढलं. गिटारवर बूट पडला. खांद्याच्या हाडाला चीर गेली. हे सगळं कुणीतरी फोनवर टिपलं होतं, आणि सुट्टीला घरी आल्यावर तिने ते मला दाखवलं. जेवणाच्या टेबलावर, वरणभात समोर असताना. मुलीचे दात फरशीवर पडतात त्याचा आवाज होतो — तुम्हाला माहीत होतं हे?

"ही वॉज अवर गाय, बाबा," ती म्हणाली. आपलाच माणूस होता तो. एवढंच, परत परत.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "सगळे सारखेच असतात, बेटा. खलास. विसर आता." माझा आवाज मऊ होता. पण आत काय चाललं होतं, सांगू? मला बरं वाटत होतं. तिचा विश्वास फुटला, म्हणजे मी वेळीच गिटार ठेवली ते शहाणपणाचंच होतं. माझ्या लेकीच्या मोडलेल्या हाडातून मला माझी पावती मिळत होती.

पण ती विसरली नाही. इथेच माझं गणित चुकलं. ती निराश झाली होती आणि तरी गात होती. माझी जुनी गिटार तिने माळ्यावरून काढली, तारा बदलल्या, आणि दुखऱ्या खांद्याने दिवसभर काहीतरी जुळवत बसली.

त्या वीकेंडला आम्ही खोर फक्कानला गेलो. ऑफिसातल्या देशपांड्यांचा तिथे समुद्रासमोर फ्लॅट आहे, त्यांनी किल्ली दिली होती. बाल्कनीचं दार जड, लाकडी, त्याची कडी बिघडलेली. वारा सुटला की दार धाडकन आपटायचं. पोचल्या पोचल्याच शुभदा म्हणाली, "दाराला खुर्ची लावून ठेवा बाई, कुणाचा तरी हात चेमटेल." खुर्ची लावायची राहूनच गेली.

दुपारी रेवाने मला तिचं गाणं ऐकवलं. मेयर होता त्यात, जिना होता, दात होते. चांगलं होतं — फार चांगलं होतं, माझ्या अंगावर काटा आला. आणि मग शेवटच्या कडव्यात एक बाप आला. मुलीला लढाईची गाणी शिकवून स्वतः एसी लावून गाडी चालवत राहिलेला.

"मस्त," मी म्हणालो. "पण हे नेटवर टाकायचं नाही."

"व्हाय?"

"आपण दुसऱ्याच्या देशात राहतो. माझा व्हिसा आहे, तुझा तिकडचा व्हिसा आहे. उद्या कुणी विचारलं तर?"

"बाबा, हे अमेरिकेबद्दल आहे. इथे कोण विचारणार?"

"आणि तो बाप?"

ती हसली. चिडवून हसली असती तर कदाचित — नाही, कदाचित वगैरे काही नाही. ती मायेने हसली. "तो तू आहेस. बट आय रोट इट विथ लव्ह."

प्रेमाने लिहिलंय म्हणे. तिला माझी कीव येत होती.

गिटार पलंगावर ठेवून ती बाल्कनीत गेली. फोन बाहेर स्टुलावर होता, तो घ्यायला वाकली, आणि तोल सांभाळायला तिने मागे हात करून दाराची चौकट धरली. डावा हात. तारांनी टोकांना घट्टे पडलेली बोटं, चौकटीच्या आतल्या कडेवर, माझ्या डोळ्यांसमोर.

इथे मी नेहमी थांबतो. मनातल्या मनातसुद्धा.

मी ती बोटं पाहिली. पाहिली, कसली आहेत ते मला कळलं, आणि मी खांद्याने दार लोटलं. सगळ्या ताकदीने. आधी लाकडाचा आवाज आला, मग सुकी काटकी मोडावी तसा. ती किंचाळली. मध्ये बोटं होती म्हणून दार पूर्ण लागलं नाही — आणि मी पुन्हा रेटलं. पहिल्याला तुम्ही राग म्हणाल, तिडीक म्हणाल. दुसऱ्याला काय म्हणाल? तेव्हा तर ती ओरडत होती.

मग मी दार उघडलं आणि मागे सरलो. शुभदा हातात झारा घेऊन धावत आली. चौकटीवरून रक्त खाली ओघळत होतं. एक नख लाकडाला चिकटून राहिलं होतं.

"वाऱ्याने," मी म्हणालो. "दार आपटलं वाऱ्याने."

रेवाची पाठ होती माझ्याकडे. तिने काही पाहिलं नव्हतं. तिने विश्वास ठेवला.

हॉस्पिटलकडे जाताना ती मागच्या सीटवर टॉवेलात हात गुंडाळून बसली होती, टॉवेल लाल होत चालला होता, आणि ती मला समजावत होती — "बाबा, स्लो डाउन. आय अ‍ॅम ओके. तुझी चूक नाहीये." सर्जन म्हणाले, इन्शाल्ला, हालचाल येईल. दोन बोटांत थोडी आली. अनामिका वाकत नाही ती नाहीच.

देशपांडे घरी आले, डोळ्यांत पाणी आणून माझी माफी मागितली. कडी वेळेवर दुरुस्त करायला हवी होती म्हणाले. आणि मी त्यांना माफ केलं! खांद्यावर हात ठेवून, चहा पाजून. ते अजून माझ्याशी बोलताना नजर खाली घालतात.

ते गाणं कुठेच गेलं नाही. रेवा परत गेली, शिक्षण संपवलं, आता तिकडेच एका ऑफिसात काम करते. गात नाही.

परवा तिचा फोन आला. त्यांच्या शहरात पुन्हा निवडणूक आहे, पुन्हा नवा उमेदवार, पुन्हा तीच वचनं. कॉलेजातली मुलं तिला बोलवायला आली होती, एकदा तरी गा म्हणून. तिने नाही म्हटलं. "बोटांचं कारण नाही, बाबा. उजव्या हाताने तारा दाबून, डाव्याने छेडत वाजवायला शिकता आलं असतं. पण कशासाठी? त्या माणसाने माझ्यातलं सगळं संपवलं. तुझंही असंच झालं होतं ना, पुण्यात?"

तिला हेच खरं वाटतं. तिच्या मित्रांना, शुभदालाही. राजकारणाने पोरीला गप्प केलं म्हणतात. पण दांडके खाऊन आल्यावरही ती गात होती, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. ती थांबली ती माझ्या दाराने.

"हो बेटा," मी म्हणालो. "असंच होतं."

तेवढ्यात तिकडे काहीतरी आपटलं. तिचा आवाज लांब गेला, मग परत आला. "सॉरी, बाबा. या हातातून फोन सटकतो कधीकधी."

"असू दे," मी म्हणालो. "काही हरकत नाही."